शब्दशंका : ढोल आणि भरतकामाची रिंग, नाव एकच कसं?

प्रश्न : मी हल्ली ऑनलाइन बघून हुकने भरतकाम शिकतेय, त्यात सारखं 'टॅम्बूर' 'टॅम्बूर' म्हणतात म्हणून डिक्शनरी उघडली, तर पहिलाच अर्थ ढोल, मग भरतकामाची फ्रेम, मग घुमटाखालची भिंत, मग टेबलाचं सरकतं झाकण, शेवटी कुठल्याशा टेनिस कोर्टातली भिंत! हे खरंच एका शब्दाचे अर्थ आहेत की डिक्शनरीवाल्यांनी सगळी अडगळ एका खोलीत कोंबलीय? आणि आपल्या तंबोऱ्याशी याचं काही नातं आहे का?

उत्तर : अडगळ नाहीये, शब्द एकच आहे, फ्रेंच. तिकडे उच्चार साधारण 'तांबूर', इंग्रजीत आल्यावर टॅम्बूर, आणि मूळ अर्थ ढोलच. बाकीचे बहुतेक अर्थ ढोलाच्या दोन गोष्टींवरून निघालेत, एक म्हणजे वरचं ताणलेलं चामडं आणि दुसरं खालचं गोल खोड. कुठला अर्थ कुठल्या बाजूचा ते बघितलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

तुमची फ्रेम चामड्याच्या बाजूची. एका लाकडी कड्यावर कापड टाकायचं आणि वरून दुसरं कडं दाबून बसवायचं (जुन्या फ्रेमना चामड्याचा पट्टा असायचा, बकल लावून आवळायचा), की झाला ढोल. नीट ताणलंय का बघायचं तर टिचकी मारा, टप्प असा आवाज यायला हवा. साध्या सुईच्या कामात कापड जरा सैल असलं तरी चालून जातं, इथे अजिबात नाही, कारण दोरा कापडाच्या खाली दुसऱ्या हातात असतो आणि वरून हुक आत जाणार, दोरा पकडणार, फास वर ओढणार, परत पुढच्या भोकात जाणार, अशी साखळी चालते. कापड ढिलं असेल तर तेच हुकबरोबर वर उचललं जातं आणि हुक भोकात अडकून बसतो. आणि हो, हुकच्या दांड्याला छोटा स्क्रू असतो तो बघितलात का? तो सुई धरून ठेवतो हे तर झालंच, पण सुई बसवताना हुकचं तोंड त्या स्क्रूच्या दिशेलाच ठेवतात, म्हणजे टोक कापडाखाली दिसेनासं झालं तरी तोंड कुठे वळलंय ते वरूनच कळतं. फार हुशार डोकं आहे ज्याने कुणी हे केलं त्याचं.

हे आपल्या आरीकामाचंच भावंड. १८व्या शतकात युरोपात त्याची इतकी फॅशन होती की फ्रान्सच्या राजाची लाडकी मादाम द पाँपादूर हिचं याच फ्रेमसमोर बसलेलं मोठं चित्र आहे, द्रुए नावाच्या चित्रकाराने काढलेलं. चेहरा रंगवला एप्रिल १७६३ मध्ये, चित्र पुरं झालं मे १७६४ मध्ये, आणि तोवर ती वारलेली होती. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, तिथे त्याच्या नावातसुद्धा 'टॅम्बूर फ्रेम' आहे.

आता खोडाची बाजू, ती सोपी आहे. पार्थेनॉनचे खांब एकसंध दगडाचे नाहीत, गोल तुकडे एकावर एक रचलेत, त्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे टॅम्बूर. रोमच्या सेंट पीटर्सचा घुमट ज्या खिडक्यांच्या गोल भिंतीवर बसलाय ती भिंतही टॅम्बूर. फ्रेंच लोक वॉशिंग मशीनच्या ड्रमला, ड्रम ब्रेकच्या ड्रमला आणि हॉटेलच्या गोल फिरणाऱ्या दरवाजालाही हाच शब्द लावतात. हसू नका, आपणही तेलाच्या पिंपाला ड्रमच म्हणतो की!

टेबलाचं झाकण म्हणजे कॅनव्हासवर शेजारी शेजारी चिकटवलेल्या लाकडाच्या बारीक पट्ट्या, खाचेतून सरकत वळत आत जातात. त्याला ढोलाशी जोडायचं तर मला तरी जरा ओढूनताणूनच वाटतं. टेनिसवाला अर्थ लॉन टेनिसच्या आधीच्या, चार भिंतींत खेळायच्या जुन्या टेनिसमधला. तिथे एका बाजूच्या भिंतीचा थोडा भाग तिरका पुढे आलेला असतो, बॉल त्यावर आपटला की भलतीकडेच पळतो.

राहिला तंबोरा. फ्रेंचमध्ये आधी 'ताबूर' असा शब्द होता, अर्थ ढोलच, मधला 'म' मागाहून शिरला. अरबीत 'तुंबूर' हे तारांचं वाद्य, त्याच्या नावाच्या प्रभावाने हा 'म' आला असं बरेच अभ्यासक मानतात, आणि आपला तंबोरा त्याच तारवाल्या गोतातला. म्हणजे सख्खा भाऊ नाही, पण लांबचा पाहुणा म्हणायला हरकत नाही. टॅम्बोरीन मात्र सरळ घरातलीच, शब्दशः छोटा ढोल, आपल्या खंजिरीसारखी.