'आधी लिहून तर दे, पैशांचं नंतर बघू'

"सध्या पैसे नाहीत, पण प्रोजेक्ट मोठा आहे म्हणतात. नाही म्हटलं तर मला पुन्हा कोण बोलावणार?"

सिनेमा-मालिकांसाठी लिहू पाहणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती झोप लागत नाही, घरच्यांवर चिडचिड होते अशा तक्रारी घेऊन. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हा प्रश्न बाहेर येतो. त्याचं उत्तर मृण्मयीच्या अनुभवातून देते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हे लिहायला तिची परवानगी आहे.

मृण्मयी कोल्हापूरकडची. कॉलेजात एकांकिका लिहिल्या, लेखनाची बक्षिसं मिळवली, नोकरी सोडली आणि मालाडला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली. तिची एकांकिका पाहिलेल्या एका निर्मात्याने बोलावून घेतलं. कल्पना त्यांची, लिहायचं हिने. आधी एका पानाची वन-लाइन, म्हणजे गोष्टीचा गाभा, मग सिनॉप्सिस, म्हणजे गोष्टीचा सारांश, मग पूर्ण पटकथा. नायक म्हणून दुसऱ्याच नटाचं नाव पुढे आलं, तेव्हा सगळी पटकथा त्याच्या वयाला बेतून पुन्हा लिहिली. मग कळलं की ओटीटीला मालिका हवी आहे, म्हणून तीच गोष्ट आठ भागांत. रात्री अकराला मेसेज यायचा, "उद्या मीटिंग आहे, तेवढं बदलून पाठव ना." वर्ष उलटलं. हातात एक रुपया नाही, एक सही नाही. खोलीचं भाडं आई पाठवत होती आणि गावात सगळ्यांना सांगितलेलं, पोरगी पिक्चर लिहितेय.

मेसेज आला की पोटात गोळा, नाही आला की छातीत धडधड. पण मला सगळ्यात गंभीर वाटली ती तिने जाता जाता सांगितलेली गोष्ट: तिने स्वतःचं असं काही लिहिणंच थांबवलं होतं. स्वतःची वही उघडली की वाटायचं, सरांचं काम बाकी असताना आपण हे काय करतोय. फुकट कामात पैसा बुडतो हे सगळ्यांना दिसतं. लेखकाचा स्वतःच्या लेखनावरचा हक्क मनातून हळूहळू कसा सुटतो, ते दिसत नाही.

मी तिला मेसेज पहिल्यापासून वाचायला सांगितले. कौतुक भरपूर, घाई भरपूर. पैशांचा विषय कुठे निघालाय, असं विचारलं. तो निघालाच नव्हता. 'प्रोजेक्ट लॉक झाला की बघू' एवढं एकदा त्यांच्याकडून, आणि त्यावर तिचा हात जोडलेला इमोजी.

मग ती वडिलांच्या किराणा दुकानाबद्दल बोलली. उधारीची वही भरलेली असायची, पण कुणाच्या दारात मागायला जायचं नाही हा पप्पांचा मोठेपणा. लोक त्यांना भला माणूस म्हणत. पैसे मागितले की आपली किंमत कमी होते, हे ती तिथेच शिकली. त्यात एकांकिकेचे संस्कार: रंगभूमीवर पैशांचं बोलायचं नाही. मला या संस्काराबद्दल आदर आहे. पण एकांकिकेत कुणालाच पैसे मिळत नाहीत. लेखक, नट, प्रकाशयोजना करणारा, सामान उचलणारी ज्युनिअर पोरं, सगळी एका वडापाववर तालीम करतात. सिनेमाच्या सेटवर चहा आणून देणाऱ्या स्पॉटदादालाही शिफ्टचे पैसे ठरलेले असतात. जिथे बाकी सगळ्यांचे दर ठरलेत आणि फक्त लेखकाला 'पॅशन' विचारली जाते, तिथे कलेची सेवा चाललेली नाही. हे मी तिला स्पष्ट सांगितलं आणि ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग फुकट कधीच लिहायचं नाही का? तसं मी म्हणणार नाही. पहिली पटकथा जवळजवळ प्रत्येकाला पदरमोड करूनच लिहावी लागते. मी एकच गोष्ट विचारायला सांगते: हा सिनेमा झालाच नाही, तर लिहिलेलं कुणाकडे राहतं? स्वतःची गोष्ट स्वतःच्या मनाने लिहिली असेल, तर एका निर्मात्याने नाकारल्यावर ती दुसऱ्याला दाखवता येते. दुसऱ्याच्या कल्पनेवर, त्याच्या नटासाठी, त्याच्या सूचनांप्रमाणे बदलत गेलेलं लिखाण त्याने पाठ फिरवली की बहुतेक वेळा कुठेच चालत नाही. म्हणून सांगून लिहून घेतलेल्या कामाचे पैसे आधी ठरले पाहिजेत. मालिकेच्या टीममध्ये घेण्याआधी एखादा सीन लिहायला सांगतात, ते मला गैर वाटत नाही. एका सीनवरून हात कळतो. हात पाहण्यासाठी आख्खी पटकथा कुणी मागत असेल, तर तो काम करून घेतोय.

करार-कायदा हे माझं क्षेत्र नाही, म्हणून मी तिला वकिलाकडे पाठवलं आणि स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद व्हायला सांगितलं. मुंबईतली ही पटकथाकार-गीतकारांची कामगार संघटना. तिथे लिखाणाची ऑनलाइन नोंदणी होते, म्हणजे अमुक तारखेला हे तुमच्याकडे होतं याचा पुरावा राहतो. मानधन, श्रेयनामावली, चोरी यांच्या तक्रारींसाठी तंटा निवारण समिती आहे. वकिलांकडून ती परत आली तेव्हा पहिल्यांदा जरा ताठ बसली होती. तिला कळलं होतं की कल्पनेवर कुणाचाच कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने हे 1978 मध्येच सांगितलं आहे. कॉपीराइट असतो तो मांडणीवर, म्हणजे प्रसंगांवर, संवादांवर, आणि ते तिने लिहिले होते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखकाच्या सहीचा लेखी कागद लागतो. 'चालेल सर' असं तोंडी म्हटल्याने ते जात नाहीत. तिने कशावरच सही केली नव्हती, आणि वर्षभराच्या गैरव्यवस्थेत तिच्या बाजूची हीच एक गोष्ट होती. कागद पुढे आला तर काय पाहायचं, हेही वकिलांनी समजावलं: हप्ते शूटिंग सुरू होण्याला न बांधता ड्राफ्ट हातात देण्याला बांधायचे, कारण शूटिंग लेखकाच्या हातात नसतं, किती वेळा बदल करून द्यायचे तो आकडा लिहून घ्यायचा, आणि 'श्रेय देणे निर्मात्याच्या मर्जीवर' अशी ओळ असेल तर ती काढायला लावायची.

माझं काम त्यानंतरचं. माहिती मिळाली म्हणून तोंड उघडत नाही. 'नाही' हा शब्द तिच्या घशात अडकायचा, म्हणून आम्ही तो बाजूला ठेवला आणि मोठ्याने म्हणता येईल असं वाक्य शोधत बसलो. ती ते म्हणायची, मी निर्माता होऊन उत्तर द्यायची, ती माफी मागायला लागायची, की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी हे ठरलं: "सर, पुढचा ड्राफ्ट करायला मला आवडेल. मानधन आणि टप्पे ठरवून सह्या झाल्या की दुसऱ्या दिवशी सुरू करते." त्यात 'सॉरी' नाही, आईच्या पैशांचा उल्लेख नाही.

उत्तर आलं, "तू बदललीस. तुझ्यात ती भूक राहिली नाही." मग काहीच नाही. ते दिवस तिला फार जड गेले. आपणच आपल्या हाताने दार लावलं असं तिला वाटत राहिलं, आणि मी तिला 'सगळं छान होईल' असं सांगितलं नाही, कारण ते मला माहीत नव्हतं. मी एवढंच सांगितलं की मानधनाच्या एका वाक्याने जी संधी जाते, तिच्यात मानधन कधीच नव्हतं. तिने त्या आठवड्यात घरी फोन करून खरं काय ते सांगितलं. आई रागावली, रडली. पप्पांनी विचारलं, किती बुडाले.

तो सिनेमा अजून कुठे आल्याचं ऐकिवात नाही. मृण्मयी सध्या एका मालिकेच्या संवादलेखकाकडे सहायक आहे. पैसे एपिसोडवर मिळतात, उशिरा मिळतात, पण मिळतात. सकाळचे दोन तास तिची स्वतःची गोष्ट. ती तिने संघटनेकडे नोंदवली आहे आणि कुणाला पाठवायची झाली तर आधी नोंदणी, मग ई-मेल, हा क्रम ती मोडत नाही.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका ऑफिसातून फोन आला. आमच्या कल्पनेवर पंधरा-वीस पानं लिहून दे, मग बोलू. तिने आपल्या नोंदवलेल्या पटकथेतले दोन सीन पाठवले आणि खाली लिहिलं, "माझं लेखन यावरून कळेल. तुमच्या कल्पनेवर लिहायला कराराची वाट बघते." त्यांनी भेटायला बोलावलंय. काय होईल ते ती मला पुढच्या वेळी सांगेल.