एमएस असलेल्या भावाला हालचालीसाठी कसे प्रवृत्त करावे?

निपाणीतील आपल्या 29 वर्षांच्या भावाला दीड वर्षापूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचे (एमएस, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंच्या आवरणाला इजा करणारा आजार) निदान झाले, तो दिवसभर खाटेवर पडून असतो, आई त्याला पाण्याची कळशीही उचलू देत नाहीत, मग त्याला हालचालीची गोडी कशी लावावी, असे आपण विचारले आहे. मी गेली अकरा वर्षे याच आजारासह बेळगावात टिळकवाडीत राहते, म्हणून अनुभवाने लिहिते.

माझ्या मते अडचण आळसाची नाही, भीतीची आहे, आणि ती आपल्या भावापेक्षा आईंच्या मनात अधिक आहे. मलाही सुरुवातीला एका डॉक्टरांनी केवळ विश्रांती घ्यायला सांगितले होते, आणि घरच्यांनी ते इतके मनावर घेतले की दोन वर्षांत माझ्या मांड्या बारीक झाल्या, जिना चढताना धाप लागू लागली, आणि यातला आजाराचा भाग किती व पडून राहण्याचा किती, हे कळेनासे झाले. मज्जातंतूंवरील मायलिनच्या आवरणाला झालेली इजा व्यायामाने भरून येत नाही. पण पडून राहिल्याने गेलेली ताकद मात्र बरीचशी परत मिळवता येते. पूर्वी जगभर विश्रांतीचाच सल्ला दिला जाई. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांकडून 15 आठवडे नियमित व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांचा दमसास आणि स्नायूंची ताकद वाढली, आणि त्यानंतर हा दृष्टिकोन हळूहळू बदलत गेला.

घरचे घाबरतात त्याचे एक कारण मात्र खरे आहे. एका एप्रिलमध्ये मी भर दुपारी चालून आले आणि उजव्या डोळ्यासमोर धुके पसरले. आई रडू लागली. पंख्याखाली बसून मानेवर ओला टॉवेल ठेवल्यावर अर्ध्या तासात दृष्टी पूर्ववत झाली. इजा झालेल्या मज्जातंतूंमधून शरीराचे तापमान थोडे वाढले तरी संदेश नीट जात नाहीत. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी हे 1890 मध्येच नोंदवले होते. ही नवी इजा नसते, अंग थंड झाले की त्रास ओसरतो. म्हणून मी सकाळी साडेसहाला व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली चालते, सोबत थंड पाणी ठेवते, आणि जून ते सप्टेंबरच्या पावसात, निसरड्यावर तोल जाण्याची भीती असल्याने, घराच्या सोप्यातच येरझाऱ्या घालते. नवे लक्षण 24 तासांहून अधिक टिकले, तर मात्र व्यायाम थांबवून न्यूरॉलॉजिस्टना (मज्जातंतूंच्या डॉक्टरांना) कळवावे.

आता प्रवृत्त करण्याविषयी. 'ऊठ, चाल' असे दिवसातून दहा वेळा सांगितल्याने माणूस उठत नाही, उलट त्याला आपण ओझे झालो आहोत असे वाटते. माझ्या कन्नडभाषक फिजिओथेरपिस्टनी मला व्यायामाबद्दल काही सांगण्याआधी विचारले होते की, आजारामुळे सुटलेली कोणती गोष्ट पुन्हा करावीशी वाटते. मी म्हटले, रविवार पेठेत स्वतः जाऊन बाजार करायचा आहे. त्यानंतर पाच मिनिटांचे चालणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, हे सारे त्या बाजारासाठी होऊ लागले. त्या फिजिओथेरपिस्ट 'सावकाश' म्हणत, आणि हा शब्द मराठी व कन्नड दोन्ही भाषांत एकच असल्याने मला तो आपल्या माणसाने सांगितल्यासारखा वाटे. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांसाठी आठवड्यातून दोनदा 30 मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोनदा ताकदीचे व्यायाम सुचवले जातात. पण ती पोहोचायची जागा आहे, सुरुवात नव्हे. एमएसचा थकवा नुसत्या कष्टांचा नसतो, म्हणून ज्या दिवशी भाऊ नको म्हणेल त्या दिवशी त्याच्यावर विश्वास ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोबत चला.

आईंनी कळशी एकदम भरून देऊ नये, अर्धी द्यावी. पुढच्या तपासणीला त्यांनाही सोबत न्या, आणि भावाने काय उचलावे, किती चालावे, हे त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारावे. माझ्या आईची भीती त्याच दिवशी कमी होऊ लागली होती.