पुण्याचा विमानतळ हवाई दलाकडे कसा? लोहगावचा इतिहास काय आहे?

पुण्यात उतरताना खिडकीतून लढाऊ विमानं दिसली, तर हवाई दलाला विमानतळावर जागा कधी आणि का दिली, असं तुम्ही विचारलंय. माझं लहानपण धानोरीत गेलं, धावपट्टीपासून हाकेच्या अंतरावर. म्हणून आधी हे सांगतो की गोष्ट उलटी आहे. तळ हवाई दलाचाच. त्यांच्या जागेत आपल्याला प्रवासी म्हणून ये-जा करू दिली जाते.

लोहगाव म्हणजे तुकाराम महाराजांचं आजोळ. १९३९ मध्ये ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी इथे तळ उभारला. दुसऱ्या महायुद्धात इथे मॉस्किटो, वेलिंग्टन, लिबरेटर अशी विमानं होती. मे १९४७ मध्ये तळ भारतीय हवाई दलाकडे आला. पुढे व्हॅम्पायर आली, कॅनबेरा बाँबर तर कितीतरी वर्षं इथे होती.

खरी कलाटणी १९९७ ची. रशियाहून आलेली पहिली आठ सुखोई-३० लढाऊ विमानं इथेच दाखल झाली, आणि सप्टेंबर २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय, म्हणजे त्यांची भारतासाठी सुधारलेली आवृत्ती, हवाई दलात आली तीही लोहगावलाच. पुढे ही विमानं नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. ८ जून २००६ रोजी राष्ट्रपती कलाम इथूनच सुखोईतून उडाले. २५ नोव्हेंबर २००९ रोजी प्रतिभाताई पाटील उडाल्या, वयाच्या ७४ व्या वर्षी. जळगावची बाई जी-सूट, म्हणजे लढाऊ वैमानिकाचा पोशाख, घालून शिडी चढते आहे, हे टीव्हीवर बघताना आमच्या आईचे डोळे भरून आले होते.

आमच्याकडे सुखोईचं वेळापत्रक पाठ असायचं. आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाचा जादा जोर, लावून विमान उठलं की मांडणीवरची ताटं किणकिणायची. वर्गात बाई फळ्यावर खडू टेकवून थांबायच्या, आवाज विरला की वाक्य तिथूनच पुढे. उतरताना विमानाच्या शेपटाकडून छत्री उघडते, वेग कमी करायला. वळणाआधी ती सोडून देतात आणि जमिनीवरची माणसं गाडीतून येऊन गोळा करून नेतात. ते होईस्तोवर मागचं विमान थांबणार, मग ते दिल्लीहून आलेलं का असेना.

आता सोयींबद्दल. धावपट्टी एकच, सुमारे अडीच किलोमीटरची. ती हवाई दलाची, आणि हवाई वाहतूक नियंत्रणही त्यांच्याच हातात. विमानतळ प्राधिकरणाकडे टर्मिनल आणि त्यापुढची विमानं उभी राहायची जागा, बस. नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं, गर्दी जरा सुसह्य झाली, पण धावपट्टी तीच. म्हणून सरावाच्या वेळा सोडूनच नागरी विमानांना वेळ मिळते. ऑक्टोबर २०२१ मध्ये १६ ते २९ तारखेपर्यंत धावपट्टीच्या कामासाठी पुण्यातली सगळी प्रवासी उड्डाणं बंद होती, आठवत असेल. तेव्हा लोक विमानतळाच्या नावाने बोटं मोडत होते. मला त्याचं वाईट वाटायचं, कारण ज्या धावपट्टीवरून रात्री-अपरात्री लढाऊ विमान उठायचं आहे, तिची डागडुजी पुढे ढकलून कसं चालेल?

तळाला लागून ९ बीआरडी, म्हणजे हवाई दलाचा दुरुस्ती डेपो आहे. दारूगोळ्याच्या कोठाराभोवती बांधकामावर निर्बंध आहेत, त्यामुळे आमच्या भागात प्लॉट घेणारा आधी हेच विचारतो. पुरंदरला वेगळ्या विमानतळाची मागणी होते ती याच अडचणीतून, आणि मला ती रास्त वाटते. पुण्याची वाढ बघता एका धावपट्टीवर दोन्ही संसार फार काळ रेटता येणार नाहीत.

आणि हो, फोटोला मनाई आहे. विमान टेकल्यावर फोन खिशातच ठेवा. मातीचे उंच बांध घातलेले निवारे दिसले, तर लढाऊ विमानं त्यांच्या आडच उभी असतात.