जहाज जाळायचा सण

प्रश्न : पॅसिफिकमधल्या पिटकेर्न बेटावर दरवर्षी जहाज जाळतात, असं नातू सांगतो. थापच ना? – एक आजोबा, अमळनेर

उत्तर : नातू जिंकला, आजोबा! 'बाउंटी' या ब्रिटिश जहाजावरचे बंडखोर याच बेटावर लपले; माग लागू नये म्हणून त्यांनी २३ जानेवारी १७९० रोजी जहाजच पेटवलं. बेटावर आज पन्नासाच्या आतच माणसं, बहुतेक त्यांचेच वंशज. त्या तारखेला ते जहाजाची छोटी प्रतिकृती जाळतात, एकत्र जेवतात. यांचेच भाऊबंद १८५६ मध्ये पॅसिफिकमधल्याच नॉरफोक बेटावर गेले; त्याची आठवण म्हणून तिथं ८ जूनला जुन्या वेशात धक्क्यावर उतरतात. मला आमचा खानदेशातला कानबाई देवीचा सण आठवला. सुरतेचे काका एरवी फोनही करत नाहीत, पण रोटांना, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या जेवणाला, हजर! फरक एवढाच, की आमचे रोट भाऊबंदांबाहेर जात नाहीत.