विमा नाकारलात, पण कागदावर तो अजून आहे

प्रश्न : मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत, मी शाळेत शिकवते. मुलगी सात वर्षांची आहे. कोल्हापुरात रमणमळ्यात दुसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट घेतोय. एजंटामार्फत 32 लाखांचं कर्ज मंजूर झालंय, दोघांच्या नावावर, 20 वर्षांसाठी, व्याज साडेआठ टक्के. सोबत ‘लोन प्रोटेक्टर’ विमा होता, म्हणजे कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज फेडणारा, त्याचा एकरकमी हप्ता 1,28,000. तो नको असं आम्ही तोंडी सांगितलं. आता एजंटाने विमा नाकारत असल्याचं छापील पत्र आणि आणखी काही फॉर्म आणलेत, सोमवारी सह्या हव्यात म्हणतात. विमा नसेल तर व्याज 0.05 टक्क्याने वाढेल असंही सांगतात. मिस्टरांचा 50 लाखांचा टर्म प्लॅन आहे, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा जीवन विमा, माझा काहीच नाही. सह्या कराव्यात का? आणि विमा नाकारून आम्ही चूक तर केली नाही?

ताई, तुम्ही पाठवलेले फोटो मी दोनदा पाहिले, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. नकाराचं पत्र एका बाजूला आणि त्याच गठ्ठ्यात तिसऱ्या पानावर मंजूर कर्जाची रक्कम 33,28,000. म्हणजे विम्याचा हप्ता कर्जात मिळवलेला आहे तसाच आहे. तुम्ही नाही म्हणालात, कागद अजून हो म्हणतोय. आणि उद्या वाद झाला तर तुमच्या बोलण्याला नाही, कागदाला विचारलं जाईल.

ते तिसरं पान म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, एजंट मंडळी त्याला केएफएस म्हणतात. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांना ते सक्तीचं केलं आहे. कर्जाची रक्कम, हप्ता, प्रोसेसिंग फी, विम्यासारखे तिसऱ्याला जाणारे पैसे आणि हे सगळं धरून पडणारा वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर, त्यात लिहावा लागतो. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं, म्हणून मराठीत मागा. तो तुमचा हक्क आहे. आणि एवढ्या मुदतीच्या कर्जासाठी ते वाचून होकार द्यायला किमान तीन कामाचे दिवस मिळायला हवेत. सोमवारीच सही हवी ही घाई एजंटाची आहे, नियमाची नाही.

विम्याचा हा हप्ता कर्जात राहिला तर किती महाग पडतो ते बघा. 1,28,000 वर साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षं हप्ते भरायचे म्हणजे महिन्याला सुमारे 1,111 रुपये, आणि एकूण 2,66,000 च्या वर. विमा एकदाच घेतला, पैसे दुपटीपेक्षा जास्त गेले. आता व्याजाचं. विमा घेणाऱ्याला दरात किंचित सवलत देणाऱ्या संस्था खरंच आहेत, त्यामुळे एजंट खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. पण 32 लाखांवर 0.05 टक्के म्हणजे महिन्याला जेमतेम 101 रुपये, वीस वर्षांत 24 हजारांच्या आसपास. 24 हजार वाचवायला 2,66,000 द्यायचे का, याचं उत्तर तुम्ही शाळेतल्या पोरांकडूनही काढून घ्याल. फक्त वाढलेला दर केएफएसवर छापून घ्या.

माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याला हे चार वर्षांनी कळलं, दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायला म्हणून स्टेटमेंट काढलं तेव्हा. आपण विमा घेतलाय हेच त्यांना माहीत नव्हतं. ब्रिटनमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. तिथे पीपीआय नावाचा हप्ता-संरक्षण विमा कर्जाला चिकटवून विकला गेला, अनेकांना तो आपल्या कर्जात आहे याचा पत्ताच नव्हता. शेवटी 29 ऑगस्ट 2019 ही तक्रारीची अंतिम तारीख ठरली आणि परत केलेली रक्कम 38 अब्ज पौंडांवर गेली. पंधरा मिनिटं कागद वाचण्याचा मी एवढा आग्रह धरतो तो त्यामुळे.

आता नकाराचं पत्र. सही करायला हरकत नाही, उलट नकार लेखी असलेला तुमच्याच फायद्याचा. पण हे पत्र आहे तसं नको. त्यात ‘कोणताही विमा घेण्यास नकार’ असं आहे. ते चुकीचं आहे, कारण घराच्या इमारतीचा विमा तुम्हाला हवा आहे आणि कर्ज देणारेही तो सहसा मागतातच. शिवाय रकमेची जागा कोरी आहे. कोऱ्या जागेखाली सही करू नका, मग एजंट कितीही ओळखीचा असो. छापील पत्र बाजूला ठेवा आणि स्वतःच्या हाताने एवढंच लिहा : ‘आम्ही कर्जदाराचा कर्ज-संरक्षण जीवन विमा घेत नाही. त्याचा हप्ता कर्जात मिळवू नये. आमचं कर्ज 32,00,000 रुपये एवढंच राहील.’ खाली दोघांच्या सह्या, तारीख, आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का मारून पोच. ही पोच एजंटाकडून नाही, शाखेतून घ्यायची.

गठ्ठ्यातला शेवटून दुसरा फॉर्म मला सगळ्यात जास्त खटकला. शुगर आहे का, बीपी आहे का, ऑपरेशन झालंय का, आणि खाली नॉमिनीचं नाव. तो कर्जाचा कागद नाहीच, तो विम्याचा प्रस्ताव आहे. नकाराच्या पत्रासोबतच त्यावरही सही झाली असती तर कागदोपत्री तुम्ही एकाच दिवशी विमा नाकारला आणि मागितलाही असता. तो परत द्या. मोबाइलवर ओटीपी आला तर मेसेज पूर्ण वाचल्याशिवाय आकडा सांगू नका. विम्याची संमती आजकाल बऱ्याचदा तिथूनच घेतली जाते.

एजंटाचा राग धरू नका. फाइल पुढे सरकवणं हे त्याचं काम आहे आणि विम्याचा त्याच्यावरही दबाव असतो. पण ‘विमा नाही तर कर्ज नाही’ असं कोणी म्हणालं, तर ते ईमेलवर मागा. बँकेला कर्ज आणि विमा यांची अशी सांगड घालता येत नाही, विमा ऐच्छिकच असतो. शाखेत दाद लागली नाही तर केएफएसवर तक्रार अधिकाऱ्याचा फोन असतो, तिथे लेखी द्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीसाठी नंबर 14448. आणि समजा विमा निघालाच, तर पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. थोडी कपात होऊन पैसे मिळतात.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चूक केली नाहीत, पण अर्धंच काम केलंत. लोन प्रोटेक्टरमध्ये कव्हर सहसा कर्जासोबत घटत जातं आणि पैसे आधी कर्ज देणाऱ्याकडे जातात. तुम्हाला दाखवलेल्या कोटेशनमध्ये तर फक्त मिस्टरांचंच नाव आहे. घराचा निम्मा हप्ता तुमच्या पगारातून जाणार आणि तुमच्यावर काही बेतलं तर काहीच नाही, असा तो विमा होता. त्यात नोकरी गेल्यावर हप्ते भरण्याची सोय म्हणून जे सांगितलं जातं, ते बऱ्याचदा तीनच हप्त्यांपुरतं असतं आणि राजीनामा दिला तर तेही नाही.

मिस्टरांचा 50 लाखांचा टर्म आहे म्हणून सोमवारी कर्ज उचललं तरी डोक्यावरचं 32 लाखांचं ओझं झाकलेलं आहे. घाबरून विमा घ्यायचं कारण नाही. पण कर्ज फेडून उरतात 18 लाख. त्यात मुलीचं शिक्षण आणि घरखर्च किती वर्षं चालेल? म्हणून मिस्टरांचा आणखी 50 लाखांचा आणि तुमचा किमान 40 लाखांचा साधा टर्म या महिन्यात सुरू करा, कर्जाच्या मुदतीइतका तरी. वैयक्तिक जीवन विम्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी नाही, तेवढा हप्ताही हलका झालाय. मिस्टरांची नवी पॉलिसी 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली तुमच्या आणि मुलीच्या नावे घ्या. मग ते पैसे त्यांच्या घेणेकऱ्यांना ओढता येत नाहीत. कर्जात तुम्ही सहकर्जदार असल्याने तुमची देणी राहतीलच, पण पैसा तुमच्या हातात असेल आणि कर्ज एकदम फेडायचं की हप्ते चालू ठेवायचे हे तुम्ही ठरवाल. हे कलम पॉलिसी घेतानाच लावावं लागतं, जुन्या 50 लाखांना आता लागणार नाही. फॉर्ममध्ये मिस्टरांचं फाउंड्रीतलं नेमकं काम लिहा. तंबाखू खात असतील तर तेही लिहा. कितीही कमी असली तरी लिहा, हप्ता वाढला तर वाढू द्या. क्लेमच्या वेळी ते लपवलेलं निघालं तर भोगायला तुम्ही असाल.

आणि रमणमळा म्हटल्यावर पाण्याचं बोलायलाच हवं. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी तुमच्या गल्लीत कुठवर आलं होतं ते खालच्या मजल्यावरच्या लोकांना विचारा. दुसऱ्या मजल्यावर पाणी नाही येणार, पण मीटर, पार्किंग, पाया यांचं काय? भारत गृह रक्षा ही 1 एप्रिल 2021 पासूनची प्रमाणित पॉलिसी पूर आणि आग दोन्हींसाठी इमारतीला कव्हर देते, आणि इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, घरातलं सामानही त्यात येतं. ही घ्या, आणि ती कोणत्या कंपनीकडून घ्यायची ते तुम्ही ठरवा.

सोमवारी शाखेत दोघंही जा. सोबत हाताने लिहिलेलं पत्र दोन प्रतींत, जुन्या टर्म पॉलिसीची झेरॉक्स आणि आताचं केएफएस. नवं केएफएस हातात आलं की आधी रकमेच्या रकान्यात 32,00,000 आहेत का ते बघा, मग विम्याचा रकाना, आणि मगच पेन काढा. फोटो मला पाठवलात तर त्याच संध्याकाळी वाचून कळवतो.