सूर्याचा जुळा

प्रश्न : 'सूर्यासारखा तारा' आणि 'सूर्याचा जुळा' यांत फरक काय? असा जुळा आपल्याकडून दिसतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सूर्यासारखे तारे ढिगाने आहेत. जुळा ठरायला मात्र तापमान, पृष्ठभागावरचं गुरुत्व आणि लोहाचं प्रमाण अगदी थोड्या फरकाने जुळावं लागतं. वृश्चिकेतल्या '१८ स्कॉर्पी'ला ब्राझीलच्या खगोलशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये हा मान दिला. तो सुमारे ४६ प्रकाशवर्षं दूर आहे. तापमान ५८०० केल्विनच्या किंचित वर (सूर्याचं ५७७२), तेज पाचेक टक्के जास्त.

खरी अडचण तुलनेची. दोन वेगळ्या उपकरणांनी घेतलेले वर्णपट (ताऱ्याच्या प्रकाशाचे रंगांनुसार विलग केलेले पट्टे) ताडून पाहिले, तर उपकरणांतला फरकच ताऱ्यांतला फरक वाटू लागतो. सूर्याकडे तर मोठी दुर्बीण वळवता येत नाही. म्हणून वेस्टासारख्या लघुग्रहावरून परतलेला सूर्यप्रकाश त्याच दुर्बिणीतून, त्याच वर्णपटमापकाने नोंदवतात आणि मग वर्णपटातल्या, लोहामुळे उमटलेल्या काळ्या रेषा एकेक करून जुळवतात.

एवढं जुळूनही लिथियम मात्र वेगळं निघतं: या ताऱ्यात ते सूर्याच्या साधारण तिप्पट आहे. सुमारे २५ लाख अंशांना लिथियम जळतं, त्यामुळे वरचा वायू आत घुसळला जाईल तसतसं ते वर्षानुवर्षं घटत जातं. तारा सूर्यापेक्षा तरुण असावा, असं त्यावरून वाटतं. तो स्वतःभोवती फिरतोही थोडा वेगाने, २३ दिवसांत एकदा. डागांचं चक्रही सूर्यासारखं ११ नव्हे, साधारण ७ वर्षांचं.

आता पाहायचा कसा? प्रत (तेजस्वितेचं माप; आकडा मोठा, तेवढा तारा मंद) ५.५, म्हणजे गावाबाहेरच्या काळोखात नुसत्या डोळ्यांनी जेमतेम. १० × ५० द्विनेत्रीतून (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) सहज. मेअखेरीस रात्री साडेबाराच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. तांबूस ज्येष्ठेच्या वर सुमारे २२ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहून थोडं जास्त, भुजंगधारी तारकासमूहातली येड प्रायर आणि येड पोस्टेरिअर ही जोडी दिसेल. ती द्विनेत्रीच्या वरच्या कडेला ठेवा, की तारा तिच्या सरळ खाली, खालच्या कडेजवळ येतो. घोळ होतो तो इथेच. उजवीकडे एक अंशाच्या आत तेवढाच तेजस्वी १६ स्कॉर्पी आहे. डावीकडचा तो आपला. पिवळा ठिपका शोधत बसू नका, तो पांढराच दिसतो. आणि तिथून कुणी आपल्या सूर्याकडे पाहिलं, तर तोही जवळपास एवढाच मंद दिसेल.