चोवीस तासांचा माणूस आणि बाबांची सही

प्रश्न : बाबा ७६ वर्षांचे. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, पण समज शाबूत आहे. पेन्शन २२,००० रुपये, बँकेत २० लाख. सेवेसाठी माणूस पुरवणारा ब्युरो २४ तासांच्या माणसाचे महिना २७,००० सांगतो. वीस लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकू का? – वाचक, नाशिक

उत्तर : सगळे टाकू नका. आधी पूर्ण खर्च मांडा. दिवसाला चार डायपर म्हणजे महिन्याला १२०. एक ४० रुपयांना धरला तर ४,८००. औषधं ४,०००, फिजिओथेरपीच्या बारा खेपा ५०० प्रमाणे ६,०००, माणसाच्या जेवणाचे ३,०००. सत्तावीस हजारांत हे मिळवलं की होतात ४४,८००. पेन्शन वजा जाता २२,८०० कमी पडतात.

आता १५ लाख योजनेत टाका. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० येतील, म्हणजे महिन्याला १०,२५०. तूट राहिली १२,५५०. हाताशी ठेवलेले ५ लाख, त्यांचं व्याज न धरता, साधारण ४० महिने ती भरून काढतील. ब्युरो दर वाढवतो, त्यामुळे तीनच वर्षं धरून चाला आणि भावंडांचा वाटा आजच ठरवा.

१५ लाखांचं एकच खातं मात्र काढू नका. या योजनेतून थोडी रक्कम काढता येत नाही, अख्खं खातं बंद करावं लागतं. वर्षाच्या आत बंद केलं तर दिलेलं व्याज परत घेतात, दोन वर्षांच्या आत दीड टक्का आणि नंतर एक टक्का कापतात. पाच-पाच लाखांची तीन खाती असली की एकच मोडावं लागेल. व्याज तिमाहीला येतं आणि ब्युरोचं बिल महिन्याला, हेही ध्यानात ठेवा.

ब्युरोला बाबांचं वजन सांगा. वजनदार माणसाला एकट्याने कूस बदलवणं जमत नाही आणि आलेला माणूस दोन दिवसांत निघून जातो. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. दिवसभर राबलेला माणूस रात्री तेवढ्यांदा उठणार नाही. रात्रीच्या दोन वेळा घरच्यांनी वाटून घ्या. एअरबेडने भार हलका होतो, कूस बदलणं चुकत नाही. सुट्टीच्या दिवशी बदली माणूस कोण देणार, ते लिहून घ्या. नळीतून अन्न किंवा इंजेक्शन द्यायचं असेल तर नर्स लागते, तिचा दर वेगळा.

मेडिक्लेमवर यात भिस्त ठेवू नका. सत्तरीपुढच्यांना मिळणारं सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं ५ लाखांचं संरक्षणही रुग्णालयात दाखल झाल्यावरचं आहे. घरच्या माणसाचा पगार त्यात बसत नाही.

प्रश्न : आईला विस्मरणाचा आजार आहे. ठेवी एकटीच्या नावावर. आजाराआधी केलेलं मुखत्यारपत्र बँक मानत नाही. – वाचक, सांगली

उत्तर : बँकेचं बरोबर आहे. मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते कायद्याने संपतं. हात चालत नाही आणि समज नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समज असेल तर अंगठा चालतो, हाताचा नसेल तर पायाचा. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. तेही जमत नसेल तर नुसती खूण चालते. समजच नसेल तर उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो. वैद्यकीय अहवाल, सगळ्या वारसांची संमती, मालमत्तेची यादी आणि महिन्याचा खर्च आधी जमवून ठेवा.

नाशिकच्या वाचकांनी या आठवड्यातच बाबांचं बचत खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ पद्धतीने संयुक्त करावं. ठेवींनाही हीच सूचना लावली तरी मुदतीआधी मोडायला दोघांच्या सह्या मागतात. म्हणून हाताशी ठेवलेल्या त्या पाच लाखांच्या बँकेतल्या ठेवी सहा-सहा महिन्यांच्या ठेवा आणि आपोआप नूतनीकरण बंद करा.

प्रश्न : धाकटा मुलगा म्हणतो, घर माझ्या नावावर करा, मी सांभाळतो. करू का? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुलाला राहतं घर देताना मुद्रांक शुल्क फार कमी लागतं, म्हणून घाईने बक्षीसपत्रं होतात. करायचंच असेल तर ‘मूलभूत गरजा आणि देखभाल पाहण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात घाला. तशी अट असेल आणि ती मोडली, तर आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीसाठी केलेल्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली प्रांतांकडच्या न्यायाधिकरणाकडून दस्त रद्द करून घेता येतो. घर तुमच्याच नावावर ठेवून मृत्युपत्र करणं आम्हाला जास्त पटतं. ते तुम्हाला हवं तेव्हा बदलता येतं.